शस्त्रक्रियागृहातील परिचारिकांचे कंबरेचे दुखणे

शस्त्रक्रिया पार पडली की श्रेय शल्यचिकित्सकाला मिळते. टेबलाशेजारी तासन् तास उभ्या राहणाऱ्या परिचारिकेची पाठ मात्र दुर्लक्षितच राहते. कंबर, मान, खांदे व गुडघ्यांचे दुखणे हा या पेशातील मोठा व्यावसायिक धोका मानला जातो.

बुलडाणा जिल्ह्यात १३ तालुके आहेत. घाटावर बुलडाण्याचे जिल्हा सामान्य रुग्णालय आणि घाटाखाली खामगावचे सामान्य रुग्णालय ही शासकीय उपचारांची प्रमुख ठिकाणे. २०२४ मध्ये बुलडाण्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. अशा जिल्ह्यात शस्त्रक्रियागृहाची अनुभवी परिचारिका पाठदुखीने रजेवर गेली, तर तिची जागा तातडीच्या सिझेरियनच्या वेळी सहज भरून निघत नाही.

धोका कुठे?

भूल दिलेला रुग्ण स्वतःला सावरू शकत नाही. त्याला ट्रॉलीवरून टेबलावर घेताना सारा भार उचलणाऱ्यांवर येतो. ७० किलो वजनाच्या माणसाचा एक पायच सुमारे ११ किलोचा असतो. अमेरिकेतील ‘नायॉश’ या संस्थेच्या तज्ज्ञाने २००७ मध्ये रुग्ण हाताने उचलण्याची मर्यादा सुमारे १६ किलो सुचवली. अवघडलेल्या स्थितीत ती आणखी कमी होते. शिवाय जखम उघडी ठेवणारे रिट्रॅक्टर धरून राहणे, वाकून उपकरणे देणे, क्ष-किरणांच्या वेळी शिशाचा जड एप्रन घालणे हे असतेच. उभे राहून पाय सुजतात व अपायकारक शिराफुगी बळावू शकते.

उपाय काय?

* रुग्ण उचलण्याऐवजी सरकवावा. त्यासाठी सरकपट्टी किंवा रोलर बोर्ड वापरावा. ट्रॉली व टेबल समान उंचीवर आणून चाके बंद करावीत.
* टेबलाची उंची चमूला सोयीची ठेवावी. बुटक्या परिचारिकेसाठी पायरी द्यावी.
* उभ्याच्या जागी मऊ मॅट अंथरावी. एक पाय आलटून पालटून पायरीवर ठेवावा.
* उपकरणांचे जड संच विभागून कमरेच्या उंचीवर ठेवावेत.
* लांबलेल्या शस्त्रक्रियेत, तसेच शिबिराच्या दिवशी आळीपाळीने विश्रांती द्यावी.

यांतील बहुतेक उपाय मोठ्या खर्चाचे नाहीत. सरकपट्टी, पायरी व मॅट ही साधी साधने आहेत. व्यायामाने पाठीचे स्नायू बळकट होतात, पण चुकीच्या कार्यपद्धतीवर तो तोडगा नव्हे. मुंग्या येणे, हात-पायातील जोर कमी होणे अशी लक्षणे दिसताच वैद्यकीय तपासणी करून घ्यावी आणि दुखणे कामामुळे उद्भवल्याची लेखी नोंद करावी. दुखणे अंगावर काढले, तर ते कोणाच्या हिशेबातच येत नाही.