ठेव आणि तिचा धनी



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होत आहे, त्यांनी मला आठवीत मराठी शिकवले. एके दिवशी त्यांनी फळ्यावर ‘ठेवणे’ हे क्रियापद लिहिले, त्यापासून ‘ठेव’ हे नाम सिद्ध केले आणि विचारले, “ठेव कोणाची? ठेवणाऱ्याची की सांभाळणाऱ्याची?” आम्ही एका सुरात म्हणालो, “ठेवणाऱ्याची.” गुरुजी हसले आणि म्हणाले, “हो, पण त्याला तिची आठवण असेल तोवर.” त्या उत्तरार्धाचा अर्थ कळायला मला पुढची पन्नास वर्षे लागली. आजचा विषय त्या उत्तरार्धाचाच आहे.

धनी हरवलेल्या धनाचे काय करावे, हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात त्याचे सविस्तर उत्तर आहे. ज्याचा स्वामी सापडत नाही असे धन राजाने तीन वर्षे सांभाळावे. त्या मुदतीत धनी आला तर त्याला द्यावे, न आला तर राजाने घ्यावे. मात्र ‘हे माझे’ एवढे म्हणणे पुरेसे नाही. मागणाऱ्याने वस्तूचे रूप, संख्या इत्यादी खुणा बरोबर सांगितल्या पाहिजेत. खोटा दावा करणाऱ्यास त्या धनाइतका दंड. याज्ञवल्क्यस्मृतीतही या विषयाचा विचार आहे, आणि त्या स्मृतीवरील ‘मिताक्षरा’ ही विज्ञानेश्वराची विख्यात टीका लिहिली गेली ती आपल्या शेजारच्या कल्याणीत, आजच्या बसवकल्याणात, चालुक्य विक्रमादित्याच्या राजवटीत. म्हणजे राज्याने राखावे, धन्याने मागावे आणि मागताना खूण पटवावी ही त्रिसूत्री आपल्या भूमीला नवी नाही.

या त्रिसूत्रीची सर्वांत मोठी परीक्षा झाली ती मात्र लंडनमध्ये, आणि वादाचा विषय होता आपल्याच हैदराबादेचा पैसा.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरले आणि १७ तारखेस निजामाने शरणागती पत्करली. याच धामधुमीत लंडनच्या वेस्टमिन्स्टर बँकेत निजामाच्या सरकारच्या नावे असलेली दहा लाख सात हजार नऊशे चाळीस पौंड नऊ शिलिंग ही रक्कम पाकिस्तानचे तेथील उच्चायुक्त हबीब इब्राहिम रहिमतुला यांच्या नावावर गेली. हा व्यवहार केला तो खाते चालवण्याचा अधिकार असलेले संस्थानचे मंत्री मोइन नवाज जंग यांनी. २७ सप्टेंबर रोजी सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी बँकेस तार केली : हा व्यवहार माझ्या संमतीवाचून झाला आहे, रक्कम परत करावी. ज्याच्या नावे खाते आहे त्याची संमती असल्याशिवाय असे करता येत नाही, अशी बँकेची भूमिका होती. पैसा बँकेतच होता. वाद होता तो धनी कोण याचा.

१९५४ मध्ये निजामाने दावा लावला. खालच्या न्यायालयांतून निर्णय इकडून तिकडे हेलकावत गेला आणि १९५७ साली हाउस ऑफ लॉर्ड्‌सने कार्यवाही थांबवली. खाते परराष्ट्राच्या उच्चायुक्ताच्या नावे आहे आणि सार्वभौम राष्ट्राला त्याच्या इच्छेविरुद्ध दुसऱ्या देशाच्या न्यायालयात ओढता येत नाही, हे त्याचे कारण. ध्यानात घ्या, पैसा कोणाचा हे लॉर्ड्‌सनी ठरवलेच नाही. दाराला कुलूप लागले. दाराआड काय आहे याचा निवाडा तसाच राहिला. १९६५ मध्ये निजामाने या रकमेवरील आपला हक्क भारताच्या राष्ट्रपतींकडे सोपवला आणि २४ फेब्रुवारी १९६७ रोजी त्यांचे निधन झाले.

कुलूप उघडले ते २०१३ साली, आणि तेही पाकिस्ताननेच. त्या वर्षी त्याच्या उच्चायुक्तांनी रक्कम मिळावी म्हणून बँकेविरुद्ध दावा दाखल केला. स्वतःच न्यायालयाच्या पायरीवर आल्यावर सार्वभौमत्वाची ढाल उरली नाही. पुढे दावा मागे घेण्याचा प्रयत्न झाला. न्यायालयाने तो मान्य केला नाही. आठवे निजाम मुकर्रम जाह, त्यांचे बंधू मुफ्फखम जाह आणि भारत सरकार यांनी आपसांत समेट केला होता. २ ऑक्टोबर २०१९ रोजी इंग्लंडच्या उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती मार्कस स्मिथ यांनी निकाल दिला : ही रक्कम शस्त्रांची किंमत म्हणून दिलेली नव्हती, रहिमतुला यांनी ती सातव्या निजामासाठी विश्वस्त म्हणून धारण केली होती. एव्हाना दहा लाखांचे साडेतीन कोटी पौंड झाले होते. एकाहत्तर वर्षांनी गुरुजींच्या प्रश्नाला इंग्रज न्यायमूर्तींनी तेच उत्तर दिले, ठेव ठेवणाऱ्याची.

इतिहासाचा विद्यार्थी येथे थांबू शकत नाही. खाते निजामाच्या सरकारचे होते आणि सरकारची तिजोरी रयतेच्या साऱ्याने भरते. औरंगाबाद, बीड, नांदेड, परभणी, उस्मानाबाद या जिल्ह्यांतील कुणब्यांच्या घामाचा अंश त्या दहा लाखांत नव्हता असे कोण म्हणेल? निजामाकडे तार होती, वकील होते, वारस होते. रयतेकडे यांपैकी काही नव्हते, म्हणून त्या निकालपत्रात तिला पक्षकार म्हणून स्थान नाही. इतर वारसदारांनी आपला वाटा मागून प्रकरण पुन्हा उघडण्याचा यत्न केला, तोही २०२० मध्ये फेटाळला गेला. वेळेवर आणि कागदानिशी मागणे म्हणजे काय, याचा हा धडा आहे.

आता राजवाड्यातून आपल्या घरी येऊ. माझी थोरली बहीण परभणीस होती. यजमानांच्या मागे तिने कसाबसा संसार रेटला. अखेरच्या वर्षांत डोळ्याची शस्त्रक्रिया तिने ‘पुढच्या दिवाळीनंतर’ म्हणत तीन दिवाळ्या लांबवली. ती गेल्यावर तिच्या ट्रंकेत, लग्नातल्या शालूच्या घडीत, एका बँकेची मुदतठेवीची पावती आणि पासबुक सापडले. भाऊजींनी दोघांच्या नावे ठेवलेली ती ठेव होती. ते तिला कधी बोलले नव्हते, आणि तो काळ बायकोशी पैशाचे बोलण्याचा नव्हता. शाखा दुसरीकडे गेलेली. आरंभी ‘असे खाते दिसत नाही’ हेच उत्तर. पासबुकात बहिणीच्या नावापुढे ‘बाई’, बाकी सर्व कागदांवर नाही, म्हणून दोन्ही व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र. दोन मृत्यूदाखले, वारसांच्या सह्या, चौदा महिने. रक्कम व्याजासह भाच्यांच्या हाती आली तेव्हा आम्हांपैकी कोणालाही आनंद झाला नाही. ती शस्त्रक्रिया त्या पैशात सहज झाली असती.

बँकेवर माझा राग नाही. तिने ठेव राखली होती. विसरलो होतो आम्ही.

आजचा कायदा या बाबतीत मनूहून उदार आहे. दहा वर्षे ज्या खात्यात व्यवहार झालेला नाही त्यातील रक्कम २०१४ पासून रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत जमा होते. पण तीन वर्षांनी राजाने घ्यावे, तसे येथे नाही. ठेवीदार किंवा त्याचा वारस केव्हाही आपल्या बँकेकडे मागणी करू शकतो. बँक पैसे देते आणि निधीकडून भरून घेते. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने ‘उद्गम’ नावाचे संकेतस्थळ सुरू केले. तेथे अनेक बँकांतील अशा ठेवींचा एकाच ठिकाणी शोध घेता येतो. मात्र तेथे केवळ शोध लागतो. मागणी बँकेकडेच करावी लागते आणि त्यासाठी कोणा मध्यस्थाची गरज नसते. सात वर्षे न घेतलेला कंपन्यांचा लाभांश गुंतवणूकदारांसाठीच्या वेगळ्या निधीत जातो; तोही परत मागता येतो.

आपल्या शहरात याची विशेष गरज आहे. १९४१ च्या कायद्याने स्थापन झालेली हैदराबाद स्टेट बँक १९५६ मध्ये स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली आणि १ एप्रिल २०१७ रोजी भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. जुन्या पासबुकावरचे नाव आज कोणत्याही पाटीवर दिसत नाही, म्हणून ते पासबुक निरुपयोगी झाले असे घरचे लोक समजतात. तसे नसते. पाटी बदलली तरी देणे नव्या बँकेकडे जाते.

विद्यार्थी मित्रहो, इतिहासाचा अभ्यास म्हणजे कागद जपणे, वाचणे आणि त्याचा धनी शोधणे. मी तुम्हांला एक गृहपाठ देतो. या रविवारी आजी-आजोबांजवळ बसा. त्यांच्या ट्रंकेतील, कपाटातील, देवघराच्या फडताळातील जुने कागद त्यांच्या परवानगीने बाहेर काढा. बँकेचे नाव, शाखा, खातेक्रमांक, पावतीवरील नाव जसेच्या तसे एका वहीत उतरवा. नामनिर्देशन झाले आहे का ते विचारा. आजोबांना माहीत असलेले आजीलाही माहीत आहे ना, एवढे अवश्य पाहा. त्या वहीला परीक्षेत गुण नाहीत. पण एखाद्या घरातील शस्त्रक्रिया पुढच्या दिवाळीवर जाणार नाही.

गुरुजींच्या स्मृतीस वंदन करून मी आपली रजा घेतो.