कर्जाचं नवं-जुनं आणि सावकाराची वही

गटाच्या बैठकीत ‘कर्जाचं नवं-जुनं केलं’ हे आपण नेहमी ऐकतो. जुनं कर्ज थकलं की नवं काढायचं आणि त्यातून जुनं भागवायचं. दीडशे वर्षांपूर्वी याच नवं-जुनंमुळे आपल्या पुणे-नगर भागातला शेतकरी पेटून उठला होता. ती हकिकत आज आम्ही सांगणार आहोत.

1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं. तिथला कापूस इंग्लंडला मिळेना, म्हणून इथल्या कापसाचा भाव चढला. सावकार सढळ हातानं कर्ज देऊ लागले. 1865 साली युद्ध संपलं आणि भाव पडला. त्यातच सरकारनं शेतसारा वाढवला. गरज वाढली तेव्हाच सावकारानं हात आखडता घेतला.

त्याआधी, 1859 साली, सरकारनं कायदा केला होता की कर्जरोखा तीनच वर्षं चालेल. व्याज साचत जाऊ नये हा त्याचा हेतू. पण सावकारांनी त्यातून वाट काढली. तीन वर्षं झाली की मुद्दल आणि थकलेलं व्याज एकत्र करून नवा रोखा लिहून घ्यायचा.

हिशेब करून बघा. 100 रुपये घेतले, व्याज शेकडा 2 रुपये महिना. तीन वर्षांत व्याज झालं 72 रुपये. नवा रोखा 172 रुपयांचा. आता व्याज 172 वर. सहा वर्षांनी होतात जवळजवळ 296 आणि नऊ वर्षांनी सुमारे 509. मधल्या काळात घरात नवा पैसा एकही आला नाही. व्याजच मुद्दल होऊन बसलं.

तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या मिरजगावच्या रयतेनं कलेक्टरला अर्ज केला होता. धान्य-कापड उधार घेतलं तर रोखीपेक्षा पंचवीस ते पन्नास टक्के जास्त दर लावतात. शेतातला माल उचलताना ‘खात्यावर जमा करतो’ म्हणतात, पण वहीत लिहीत नाहीत. पावतीही देत नाहीत, अशी त्यांची तक्रार होती.

12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यात सुप्याला लोक जमले. सावकारांच्या वह्या आणि रोखे मागून घेऊन त्यांनी जाळले, धान्याची दुकानंही लुटली. हे लोण नगर जिल्ह्यात पसरलं. सरकारनं पोलीस आणि लष्कर आणून ते मोडलं, मग चौकशी आयोग नेमला. 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. नुसता रोखा न बघता व्यवहार पहिल्यापासून तपासायचा अधिकार कोर्टाला मिळाला. रोखा गावच्या निबंधकासमोर लिहायचा असं ठरलं. पैसे भरल्याची पावती, दरसालचा हिशेब आणि पासबुक मागायचा हक्क शेतकऱ्याला मिळाला.

म्हणजे बायांनो, आपल्या हातातलं पासबुक ही साधी वही नाही. ती मिळावी म्हणून आपल्या आधीच्या माणसांनी तुरुंग भोगला.

आज आपल्या राज्यात 2014 चा सावकारी कायदा आहे. परवान्याशिवाय सावकारी करता येत नाही, पावती द्यावी लागते, आणि मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. पण कायदा उपयोगी पडायला आपल्याकडे कागद पाहिजे. म्हणून आम्ही गटागटात चार गोष्टी सांगतो.

नवं कर्ज घेताना विचारा: यातले घरात किती येणार आणि जुन्या व्याजात किती जाणार? हप्ता दिला की तिथंच पावती घ्या, पासबुकात नोंद बघा. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नका. आणि शेळी, पापड, किराणा, धंदा कोणताही असो, त्याची वही घरखर्चाच्या वहीपासून वेगळी ठेवा. दुकानातली साखर घरी नेली तरी ती लिहा. नाहीतर धंदा बुडतोय की घरखर्च त्याला खातोय, हे कळतच नाही.

लिहिता येत नसेल तर लेकीकडून, सुनेकडून लिहून घ्या, पण वाचून दाखवायला सांगा. मिरजगावच्या लोकांचा माल गेला तो दुसऱ्याच्या वहीवर भरवसा ठेवल्यामुळे. येत्या बैठकीला आपापली पासबुकं घेऊन या. गटाच्या वहीशी ओळ न् ओळ ताडून बघू.