गालावरचे चुंबन आणि बॅटीच्या धावा

जानेवारी १९६०. मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध अब्बास अली बेग यांनी ५० आणि ५८ धावा काढल्या. दुसऱ्या अर्धशतकानंतर एका तरुणीने मैदानात धावत जाऊन त्यांच्या गालाचे चुंबन घेतले. रेडिओवर समालोचन करणाऱ्या विजय मर्चंट यांनी मिस्कीलपणे विचारले, की आपण शतके-द्विशतके काढत होतो, तेव्हा या धाडसी तरुणी होत्या कुठे! पुढे हा प्रसंग सलमान रश्दींच्या 'द मूर्स लास्ट साय' या कादंबरीतही अवतरला. त्या दोन खेळी मात्र आकडेवारीच्या रकान्यांतच राहिल्या. आदल्या वर्षी मँचेस्टरला पदार्पणातच काढलेल्या ११२ धावांचीही गत फारशी वेगळी नाही.

त्याच वर्षाच्या अखेरीस पाकिस्तानचा संघ आला आणि बेग अपयशी ठरले. फलंदाज अपयशी ठरावा, यात नवल ते काय? पण आता त्यांच्या धर्माकडे बोट दाखवले गेले, द्वेषाने भरलेली पत्रे आली. खेळाडूच्या गालाविषयीचे कुतूहल आणि त्याच्या निष्ठेविषयीचा संशय ही आम्हांला सख्खी भावंडे वाटतात. दोहोंच्या लेखी बॅट गौणच. मालिका संपण्यापूर्वीच बेग संघाबाहेर गेले. कसोटी संघात ते पुन्हा दिसले १९६६-६७ च्या मोसमात, वेस्ट इंडीजविरुद्ध.