नदी एक, देव वेगवेगळे

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

मानवी संस्कृती नदीकाठी जन्मली, असं आपण शाळेत शिकलो. पूर आला, गाळ साचला, धान्य पिकलं. धान्याचं कोठार झालं, कोठाराशेजारी देऊळ आणि देवळाशेजारी राजवाडा. हे खोटं नाही. इराकमधल्या उरुकला सुमारे 5200 वर्षांपूर्वीच्या मातीच्या पाट्या सापडल्या. त्यांवर कविता नाही की प्रार्थना नाही. बहुतेक पाट्यांवर धान्य, मेंढ्या आणि बियर यांचा हिशेब आहे. कविता लिहिणाऱ्याला हे थोडं टोचतं, पण लेखनाचा उगम असा कोठाराच्या दारात आहे.

आता आपल्याकडे पाहू. चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जिल्हे 1982 पर्यंत एकच होते. वैनगंगा दोघांच्या मधून वाहते, पुढे वर्धेला मिळून प्राणहिता होते आणि सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते. नदी आहे, पाऊस भरपूर आहे, जमीन आहे. मग दोन्ही काठांवर एकसारखा समाज घडला का? नाही घडला.

नदीच्या पश्चिमेला, ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाहीकडे उतरती जमीन आहे. तिथे पाणी अडवता येतं. कोहळी समाजाच्या कसबी लोकांनी तलाव आणि बोड्या बांधल्या. आज आपण त्यांना मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव म्हणतो. तलाव एका घराच्या बळावर होत नाही. पाळ बांधायला शंभर हात लागतात, आणि पाणी कुणाला आधी, कुणाला नंतर, हे ठरवायला कुणीतरी मोठा लागतो. धान वाढला की कारभार वाढतो, कारभार वाढला की राजा येतो. चांद्याचे गोंड राजे असेच मोठे झाले. इरई आणि झरपट या नद्यांच्या संगमाजवळ त्यांनी शहर वसवलं आणि जटपुरा, बिनबा, पठाणपुरा, अचलेश्वर अशा दरवाजांचा परकोट बांधला. अचलेश्वर आणि महाकाली यांची देवळं त्यांच्या आश्रयाखाली वाढली. महाकालीच्या चैत्र यात्रेला आजही मराठवाड्यातून माणसं येतात.

नदीच्या पूर्वेला धानोरा, एटापल्ली, भामरागड. डोंगर, साल-सागवान-बांबूचं जंगल, उतारावरची पातळ माती. गडचिरोलीचा जवळपास सत्तर टक्के भाग आजही वनाखाली आहे. इथे कोठार भरेल इतकं पिकत नव्हतं. म्हणून इथला देव देवळात बसला नाही. तो कुळात बसला, दगडात बसला, मोहाच्या झाडाखाली बसला. गोंडांमध्ये चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे असे गट आहेत. सारख्या संख्येच्या देवांची कुळं एकमेकांत सोयरीक करत नाहीत. म्हणजे विरळ वस्तीच्या जंगलात लग्नासाठी दूरच्या गावाशी नातं जोडावंच लागतं. राजाशिवाय माणसांना बांधून ठेवणारी ही व्यवस्था होती.

दोन्हीकडचे लोक गोंडच, हे इथे महत्त्वाचं आहे. एकाच मुळाच्या माणसांनी सपाटीवर परकोट आणि देवळं उभी केली, तर डोंगरात पेन म्हणजे कुळाचा देव जपला. जमीन बदलली आणि देवाचं घर बदललं.

पण भूगोल सगळं ठरवतो, असंही नाही. मार्कंड्याला पाहा. दक्षिणेकडे जाणारी वैनगंगा तिथे वळून उत्तरेकडे वाहते. वळण निसर्गाचं, त्याला पवित्र मानलं माणसांनी, आणि हजारएक वर्षांपूर्वी तिथे दगडातली कोरीव मंदिरं उभी राहिली. भद्रावतीला तर काही मैलांच्या आत विजासनची बौद्ध लेणी, पार्श्वनाथाचं जैन मंदिर आणि भद्रनागाचं देऊळ आहे. जमीन तीच, माणसांना सुचलेले मार्ग अनेक. तुर्कस्तानात गोबेक्ली टेपे इथे सुमारे 11,500 वर्षांपूर्वीचे कोरीव खांब सापडले. ते उभारणारे शिकारी होते, शेती रुजायची होती. कोठार नसतानाही माणसं पूजेसाठी एकत्र येत होती.

मी मुसलमान घरात वाढलो, म्हणून मला इथे मक्का आठवते. जिथे काही पिकत नाही अशी ती दरी. पाण्याला एक जमजमची विहीर. त्या भूमीभोवती हरमची सीमा आखली गेली: तिच्या आत शिकार करायची नाही, आपोआप उगवलेलं झाड तोडायचं नाही. अरबस्तानात इस्लामच्या आधीपासून वर्षातले चार महिने युद्धाला मनाई होती, म्हणून व्यापारी तांडे सुखरूप जात. आता माडियांचा पंडुम पाहा. नव्या फळाला, नव्या धान्याला गावाने मिळून पंडुम केल्याशिवाय तोंड लावायचं नाही. आंबा पाडाला आला तरी थांबायचं. तेवढ्यात फळ पिकतं, बी जमिनीत पडतं. कुळाचा जो प्राणी किंवा झाड असेल त्याला इजा करायची नाही. वाळवंट आणि जंगल, दोन टोकं. दोन्हीकडे जे थोडं आहे किंवा जे चटकन संपू शकतं, त्याच्याभोवती धर्माने कुंपण घातलं.

या कुंपणात काटेही आहेत. माडिया गावांत पाळीच्या दिवसांत बाईने गावाबाहेरच्या कुर्माघरात राहायचं, ही रीत आहे. काही ठिकाणी अलीकडे पक्क्या खोल्या झाल्या, पण प्रश्न मिटलेला नाही. जंगल राखणारा नियम पवित्र म्हणताना बाईला पावसात बाहेर ठेवणारा नियमही त्याच धर्माचा आहे, हे विसरून चालणार नाही.

आजचा पेच मात्र वेगळा आहे. लोखंड विदर्भाला नवं नाही. नागपूर जिल्ह्यातल्या नायकुंडला सुमारे 2700 वर्षांपूर्वीची लोखंड गाळायची भट्टी सापडली आहे. मोठे दगड उभारून मृतांची आठवण ठेवणारे त्या काळचे लोक. चिमूर तालुक्यातल्या हिरापूरला अशा दगडी रचना आजही दिसतात, आणि भामरागडकडे माडिया लोक अजूनही मृतांसाठी दगड उभे करतात. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या डोंगरात उत्तम लोहखनिज आहे, आणि तिथेच ठाकूरदेव आहे, ज्याची यात्रा जानेवारीत भरते. 2021 मध्ये तिथलं खाणकाम पुन्हा सुरू झालं. कुणाला रोजगार हवा आहे, कुणाला डोंगर हवा आहे. दोघेही तिथलेच आहेत.

ज्या देवाला भिंत नाही, त्याचा सातबारा कुठून आणायचा? 2006 च्या वनहक्क कायद्याने याचं थोडं उत्तर दिलं. 2009 मध्ये धानोरा तालुक्यातल्या मेंढा गावाला जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. 2013 मध्ये ओडिशातल्या नियमगिरीबाबत सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, डोंगरावरच्या धार्मिक हक्कांचा विचार ग्रामसभेत व्हावा. बारा ग्रामसभा बसल्या आणि बाराही खाणीला नको म्हणाल्या.

चांद्याचा परकोट आपण वारसा म्हणून जपतो, मार्कंड्याच्या मंदिरांची डागडुजी करतो. ते योग्यच आहे. पण इतिहास फक्त कोरलेल्या दगडात असतो, असं मानलं तर वैनगंगेचा अर्धा इतिहास आपल्या हातून जाईल. न कोरलेल्या दगडापाशीही माणसं हजारो वर्षं थांबत आली आहेत. तो दगड हलवण्याआधी तिथल्या गावाला विचारावं, एवढी अपेक्षा फार मोठी नाही.