वन : जमेचे पान आणि खर्चाचे पान

मोसम-गिरणेच्या काठच्या या गावाला वनाची गोष्ट दूरची वाटेल. येथे बोलणे निघते मागाचे, सुताचे आणि पाण्याचे. परंतु पाणी म्हटले की गिरणेच्या उगमाकडील डोंगर आलेच, आणि त्यांवरील झाडही आले. ते झाड राखण्याचा पैसा कोणी द्यावा, हा प्रश्न जुना आहे.

१८४७ साली मुंबई इलाख्याने डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांना वनसंरक्षक नेमले. जहाजांना साग हवा होता. पुढे लोहमार्ग मनमाडकडे आला, तेव्हा रुळांखाली घालण्यास लाकूड हवे झाले. १८६९ साली मालेगाव खानदेशातून नव्या नाशिक जिल्ह्यात आले. कचेरी बदलली, दृष्टी बदलली नाही. १८७८ च्या कायद्याने राखीव वने आखली गेली, तरी सरकारी वहीत वन राहिले ते जमेच्या पानावर.

खर्चाच्या पानावर त्याला मानाची जागा फार उशिरा मिळाली. बाराव्या वित्त आयोगाने २००५ ते २०१० या काळासाठी राज्यांना वनांच्या देखभालीकरिता १,००० कोटी रुपये दिले. तेराव्याने पुढील पाच वर्षांसाठी ५,००० कोटी. तेराव्याने एक शहाणी अटही घातली. शेवटच्या तीन वर्षांचे अनुदान किती कार्य आयोजना मंजूर झाल्या यावर अवलंबून ठेवले. कार्य आयोजना म्हणजे वनाचे पुढील काही वर्षांचे वेळापत्रक : तोड कोठे, विसावा कोठे, वणवा कसा रोखावा, गुरे कोठे चरावीत. सावकारसुद्धा कर्ज देताना शेत पाहून येतो. सरकारने अनुदान देताना का पाहू नये?

चौदाव्या आयोगाने २०१५ पासून वाटच बदलली. वेगळे अनुदान गेले. केंद्रीय करांतील राज्यांचा वाटा ठरवताना वनाच्छादनाला ७.५ टक्के वजन मिळाले, पंधराव्याने ते १० टक्के केले. वन राखणाऱ्या राज्याचा हा गौरव खराच. पण हा पैसा मोकळा. देवळाच्या नावाने जमलेल्या वर्गणीतून कोणी घराचा ओटा बांधला, तरी विचारणारा नाही.

वनासाठीच बांधलेला दुसरा पैसा आहे. रस्त्याला, खाणीला, धरणाला वनजमीन दिली की भरपाई जमा होते. २०१६ च्या कायद्याने तिचा निधी झाला आणि ऑगस्ट २०१९ मध्ये महाराष्ट्राच्या वाट्याला त्यातून सुमारे ३,८४४ कोटी रुपये आले. वनाच्या औषधाचा पैसा वनाच्याच जखमेतून यावा, हे मला खटकते.

गाळण्याच्या किल्ल्यावरून भोवतालच्या टेकड्या पाहाव्यात. अशा कोरड्या मुलखात रोप जगवायचे तर दोन-तीन उन्हाळे कुंपण आणि राखणदार लागतो. खड्डे खणल्याचा आकडा मात्र पहिल्याच पावसाळ्यात अहवालात जातो.