हम दोनो

नवकेतन या चित्रसंस्थेचा कृष्णधवल हिंदी चित्रपट; प्रदर्शन १९६१. निर्माता व नायक देव आनंद, पटकथा विजय आनंद, छायाचित्रण व्ही. रात्रा, गीते साहिर लुधियानवी, संगीत जयदेव. श्रेयनामावलीत दिग्दर्शक म्हणून अमरजीत यांचे नाव असले, तरी दिग्दर्शनावर विजय आनंद यांचीच छाप असल्याचे सर्वसाधारणपणे मानले जाते. हा चित्रपट १९६२ च्या बर्लिन आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात स्पर्धेत होता.

काळ दुसऱ्या महायुद्धाचा. आनंद हा बेकार तरुण. मीता (साधना) या श्रीमंताघरच्या मुलीवर त्याचे प्रेम आहे. तिच्या वडिलांनी त्याची मिळकत विचारताच तो अपमान गिळून बाहेर पडतो आणि सैन्यात भरती होतो. पलटणीत त्याची गाठ हुबेहूब आपल्यासारख्या दिसणाऱ्या मेजर वर्माशी पडते व दोघांची दोस्ती होते. एका चकमकीनंतर वर्मा बेपत्ता होतो. तो मेला असेच सगळे धरून चालतात. ही बातमी सांगायला आनंद त्याच्या घरी जातो, तर घरची माणसे त्यालाच मेजर समजतात. वर्माची पत्नी रुमा (नंदा) हृदयविकाराने आजारी असल्यामुळे खरे सांगणे धोक्याचे ठरते. आनंद त्या घरात नवरा म्हणून वावरतो, पण तिच्यापासून अंतर राखून. आणि हे अंतरच तिला खुपू लागते. इकडे मीताच्या मनात संशय उभा राहतो. पाय गमावलेला वर्मा जिवंत परततो तेव्हा मामला पार चिघळतो. गुंता सुटतो तो देवळात.

नवरा मेला असे धरून चाललेली स्त्री आणि त्याचे अवचित परतणे, हा धागा युद्धकाळातल्या प्रेमकथांना नवा नाही. हॉलिवूडच्या ‘कॅसाब्लांका’ (१९४२) या चित्रपटातली नायिकाही याच पेचात सापडते. ‘हम दोनो’ने पेच पुरुषाच्या खांद्यावर टाकला. आघाडीवरची दृश्ये थोडकीच आहेत आणि चित्रपटाची ती सर्वांत लंगडी बाजूही आहे. खरी लढाई दिवाणखान्यात चालते: दाराशी थबकलेला आनंद, त्याच्याकडे हक्काने पाहणारी रुमा आणि उत्तर द्यायचे कसे टाळावे हे न सुचलेला तो. दोन माणसांत तंतोतंत साम्य असणे आणि बायकोलाही फरक न कळणे ही मोठीच सवलत पटकथेने घेतली आहे. नैतिक कोंडी खरी वाटते म्हणून प्रेक्षक ती सवलत खपवून घेतो.

पात्रयोजनेत मराठी कलावंतांचा भरणा लक्षणीय आहे. मास्टर विनायक यांची कन्या नंदा तेव्हा अवघी बावीस वर्षांची होती. ‘छोटी बहन’ (१९५९) नंतर बहिणीच्या भूमिकांचा शिक्का बसू पाहत असताना तिला रुमा मिळाली. मेजरच्या आईच्या भूमिकेत ललिता पवार आहेत. आनंदची आई झालेल्या लीला चिटणीस या १९४० च्या सुमारास मालाडच्या बॉम्बे टॉकीजच्या गाजलेल्या नायिका होत्या, तर मीताचे वडील गजानन जागीरदार म्हणजे प्रभातच्या ‘शेजारी’तले मिर्झा.

चित्रपटाच्या टिकाऊपणात मोठा वाटा संगीताचा. सचिनदेव बर्मन यांचे साहाय्यक राहिलेल्या जयदेव यांना नवकेतनने येथे स्वतंत्र संधी दिली. मीताने आनंदला दिलेल्या लायटरमधून एक छोटी धून वाजते. तीच धून महंमद रफी व आशा भोसले यांच्या युगुलगीतात येते आणि पुढे पार्श्वसंगीतात आठवणीसारखी डोकावत राहते. त्या गीतात प्रियकर थांबण्याची गळ घालतो. आशाबाईंचा आवाज कडव्यानंतर उशिरा येतो आणि लाडिक तक्रारीने ती गळ मोडून काढतो. जयदेव यांनी चाल मुद्दाम संथ ठेवली आहे, त्यामुळे निरोपाची वेळ लांबत असल्याचा भास होतो. सिगारेटच्या धुराबरोबर काळजी उडवून देणारे रफींचे गीत लोकप्रियतेत या युगुलगीताच्या खांद्याला खांदा लावून उभे आहे. लता मंगेशकरांनी गायलेली प्रार्थना गौड सारंगाच्या छायेत बांधलेली असून तीत साहिर यांनी अल्ला आणि ईश्वर यांना एकाच ओळीत बसवले. पडद्यावर ती रुमाच्या तोंडी आहे. घरचा माणूस रणावर असलेल्या बाईने मागितलेली शांतता म्हणून ती उपदेशपर होत नाही. पार्ल्याचे दीनानाथ, मुलुंडचे कालिदास, बोरिवलीचे प्रबोधनकार ठाकरे अशा नाट्यगृहांत होणाऱ्या जुन्या हिंदी गाण्यांच्या कार्यक्रमांना ही गाणी आजही हक्काची दाद मिळवून देतात.

दुहेरी भूमिकेत देव आनंद यांनी मेजरला मिशी, भारदस्त चाल आणि थोडा तुटक आवाज दिला. आनंदच्या वाट्याला त्यांच्या नेहमीच्या लकबी राहिल्या. दोघे एकाच चौकटीत येतात ती दृश्ये तेव्हाच्या साधनांच्या मानाने सफाईदार आहेत.

रंग भरलेली आवृत्ती ४ फेब्रुवारी २०११ रोजी चित्रपटगृहांत आली. सत्त्याऐंशी वर्षांच्या देव आनंद यांनी तिच्या प्रसिद्धीसाठी उत्साहाने धावपळ केली. त्याच वर्षी ३ डिसेंबरला लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. तरुण प्रेक्षकांना चित्रपटगृहापर्यंत आणण्यापुरता रंगांचा उपयोग झाला असेल, पण रात्रांचे छायाचित्रण सावल्यांवर उभे आहे आणि रुमाच्या घरातला काळोख रंगांत बराच विरतो. पाहायचा तर मूळ कृष्णधवल प्रतच पाहावी.