अभ्यास

वर्ध्याच्या हिंदी विद्यापीठात मराठी मुलगा ‘मेरा अभ्यास चल रहा है’ म्हणतो, तेव्हा बिहारमधून आलेल्या त्याच्या मित्राला तो कसला तरी सराव करतो आहे असे वाटते, तबल्याचा नाहीतर टायपिंगचा. हिंदीत अभ्यास म्हणजे सराव. बंगालीत गेले की त्याच शब्दाचा अर्थ होतो सवय. मराठीत आणि गुजरातीत मात्र अभ्यास म्हणजे पुस्तक उघडून बसणे. आपण त्यावर मोठे घरच बांधले आहे: अभ्यासक्रम, अभ्यासू, अभ्यासिका, विद्याभ्यास. हिंदीत यासाठी ‘अध्ययन’ चालतो. म्हणून महात्मा गांधी अंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयातल्या विभागांची नावे स्त्री अध्ययन, अनुवाद अध्ययन अशी आहेत.

शब्दाचे मूळ पाहिले तर हिंदी अर्थ जुना ठरतो. ‘अस्’ म्हणजे फेकणे. अस्त्र त्यातूनच आले. खाली ठेवणे तो न्यास, सगळेच ठेवून देणे तो संन्यास; आणि एकाच दिशेने पुन्हा पुन्हा फेकत राहणे तो अभ्यास. धनुर्धराचा बाण डोळ्यांसमोर आणला की उपसर्गासकट शब्द उलगडतो. पाणिनीने तर व्याकरणातल्या द्वित्वाच्या पहिल्या भागालाच ‘अभ्यास’ म्हटले: ‘ददाति’मधला पहिला ‘द’ हा अभ्यास. पुनरावृत्ती हाच या शब्दाचा प्राण आहे. ओल्या मुळाने खडक फुटतो आणि दोराने चिरा कापला जातो असे तुकोबा सांगतात, त्या अभंगातला अभ्यास हाच. वर्ध्यात गोपुरीच्या गीताई मंदिरात विनोबांची गीताई शिळांवर कोरलेली आहे. तिच्या सहाव्या अध्यायात मन आवरायचे दोन उपाय आहेत. एक वैराग्य, दुसरा अभ्यास. तिथे कोणी पुस्तक उघडून बसायला सांगत नाही.

मराठीने हा शब्द वाचनाकडे ओढला, पण जुना अर्थ पुरता सुटू दिला नाही. पाढे म्हणणाऱ्या मुलाचा अभ्यास चालतो, आणि शास्त्रीय गाणे शिकणाऱ्या मुलीचाही. मला मराठीची ही श्रीमंती वाटते, आणि तिचे खरे मोल एका परक्या विद्याशाखेचे नाव मराठीत आणताना कळते.

अमेरिकेत १९३०च्या दशकात ‘अमेरिकन स्टडीज’ नावाचा विषय आकाराला आला. कादंबरी साहित्याच्या प्राध्यापकाकडे, कायदा कायद्याच्या, चर्च धर्माच्या, ही वाटणी मोडून एकाच समाजाकडे सगळ्या बाजूंनी पाहायचे, ही त्यामागची कल्पना. हार्वर्डच्या या अभ्यासक्रमाची पहिली पीएच.डी. १९४० मध्ये हेन्री नॅश स्मिथ यांना मिळाली. भारतात १९६४ मध्ये हैदराबादला अमेरिकन स्टडीज रिसर्च सेंटर निघाले. आपल्याकडे अशा अभ्यासक्रमाला ‘आंतरविद्याशाखीय’ म्हणतात. शब्द बरोबर आहे, पण तो कार्यालयात घडलेला आहे. विद्यार्थ्याच्या तोंडी तो बसत नाही.

खरे तर त्याच्याही आधी, १८८९ मध्ये, पंडिता रमाबाईंनी हे काम मराठीत करून ठेवले होते. ‘युनाइटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ या पुस्तकात राज्यव्यवस्था, शिक्षण, धर्म, व्यापार, घरगुती जीवन, स्त्रियांची स्थिती हे सगळे एकत्र आहे. आणि त्यांनी निवडलेला शब्द पाहा: लोकस्थिती. ‘संस्कृती’ म्हटले की डोळ्यांपुढे उत्तम तेवढेच येते. लोकस्थितीत लोक आहेत, त्यांची कमाई आहे, त्यांच्यावर झालेला अन्याय आहे. हा शब्द मागे पडला याची मला हळहळ वाटते.

वर्धा जिल्ह्यात अमेरिकेत शिकून आलेला मोठा माणूस म्हणजे जे. सी. कुमारप्पा. सिरॅक्यूजला व्यवसाय प्रशासन शिकून ते कोलंबिया विद्यापीठात गेले. हिंदुस्थान गरीब का, या विषयावर त्यांनी तिथे भाषण दिले, त्याची बातमी वर्तमानपत्रात आली, आणि त्यांचे प्राध्यापक सेलिगमन यांनी प्रबंधासाठी त्याच दिशेला वळायला सांगितले. हे तेच सेलिगमन, ज्यांच्या हाताखाली डॉ. आंबेडकर शिकले. परतल्यावर कुमारप्पांनी गुजरात विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना घेऊन मातर तालुक्याची घरोघर आर्थिक पाहणी केली, आणि १९३४ नंतर वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघाचा गाडा हाकला. तेलघाणी, हातकागद, मधमाश्या, गूळ. न्यूयॉर्कमधला सार्वजनिक वित्ताचा अभ्यास मगनवाडीत घाण्यापाशी येऊन पोचला. हे अध्ययन की अभ्यास, असे मला विचारले तर मी अडखळणार नाही.

उलट दिशेचा प्रवासही याच मुलखाशी जोडलेला आहे. अमेरिकन लेखक हेन्री डेव्हिड थोरो यांनी कर नाकारून १८४६ मध्ये तुरुंगात एक रात्र काढली आणि १८४९ मध्ये त्यावरचा निबंध प्रसिद्ध केला. गांधींनी १९०७ मध्ये ‘इंडियन ओपिनियन’मधून तो वाचकांपुढे ठेवला. मराठीत त्या कृतीला ‘सविनय कायदेभंग’ हे नाव रुळले, ज्यात अरबीतून आलेला कायदा दोन संस्कृत शब्दांच्या मध्ये बसला आहे. १९३० मध्ये विदर्भात मीठ करायला समुद्र नव्हता, म्हणून लोकांनी राखीव जंगलात जाऊन गवत कापले. जून १९४२ मध्ये अमेरिकन पत्रकार लुई फिशर सेवाग्रामला गांधींजवळ आठवडाभर राहिले आणि त्यांनी त्यावर पुस्तक लिहिले.

आता हे सगळे शिकवायचे कुणी? थोरो साहित्याच्या तासाला, गांधी राज्यशास्त्राच्या, मार्टिन ल्यूथर किंग इतिहासाच्या. जेम्स लॉसन तर कोणत्याच तासाला सहज सापडत नाहीत, आणि ते वर्ध्याहून जेमतेम ७५ किलोमीटरवर, नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात होते. कोरियन युद्धाच्या काळात लष्करभरतीला नकार दिल्याबद्दल तुरुंगवास भोगून हा तरुण कृष्णवर्णीय मेथडिस्ट १९५३ मध्ये नागपूरला आला. तिथे तो शिकवी, मुलांचे खेळ घेई, गांधी वाचे. माँटगोमेरीच्या बसबहिष्काराची बातमी त्याने डिसेंबर १९५५ मध्ये नागपुरातच वर्तमानपत्रात वाचली. १९५६ मध्ये तो परतला. पुढच्या वर्षी किंग भेटले आणि म्हणाले, आम्हाला तुझी आत्ताच गरज आहे.

मग लॉसन नॅशव्हिलला गेले. तिथे चर्चमध्ये त्यांनी विद्यार्थ्यांचे वर्ग भरवले. गांधी, येशू, थोरो यांच्यावर चर्चा होई. नंतर खुर्च्या उपाहारगृहातल्यासारख्या ओळीने मांडत. काही मुले तिथे शांत बसत. त्यांचेच मित्र त्यांना शिव्या देत, ढकलत, तोंडावर सिगारेटचा धूर सोडत. हात उचलायचा नाही, डोके कसे झाकायचे, शेजारच्याला कसे वाचवायचे, हे पुन्हा पुन्हा करून अंगवळणी पाडायचे. १३ फेब्रुवारी १९६० रोजी ही मुले खऱ्या उपाहारगृहांत जाऊन बसली. मारहाण झाली, अटका झाल्या. १० मे रोजी शहरातल्या सहा दुकानांनी आपली उपाहारगृहे कृष्णवर्णीयांना खुली केली.

पुस्तक आणि खुर्ची, दोन्ही त्या वर्गात होते. वर्ध्याला किंवा नागपूरला कधी असा अमेरिकेचा अभ्यासक्रम निघाला, तर त्याचे नाव ‘अमेरिका-अध्ययन’ नको, ‘अमेरिका-अभ्यास’ असावे, आणि त्याच्या पहिल्या सत्रात रमाबाईंची लोकस्थिती आणि लॉसन यांचे नॅशव्हिल शेजारी-शेजारी लावावेत.